तकलीफनामा

उझबेकी भाषेत निमंत्रणपत्राला ‘तकलीफनोमा’ म्हणतात. ‘नोमा’ म्हणजे आपला ‘नामा’, करारनाम्यातला आणि जाहीरनाम्यातला. आणि ‘तकलीफ’ म्हणजे तीच, आपल्या ओळखीची तकलीफ. मराठी माणसाला हा शब्द पहिल्यांदा कानावर पडताच हसू फुटते. परंतु २०१८ सालापूर्वी ज्या भारतीयाला समरकंद-बुखारा पाहण्याची इच्छा झाली असेल, त्याला तो विनोदी न वाटता अगदी नेमका वाटला असता. कारण त्या काळी उझबेकिस्तानच्या व्हिसाची पहिली पायरी म्हणजे हा तकलीफनामाच होता.

शब्दाचे कूळ पाहिले तर त्यात विसंगती काहीच नाही. मूळ अरबीत ‘तकलीफ’ म्हणजे कुणावर भार टाकणे. आपल्याकडे पोहोचेपर्यंत या शब्दात नुसता भार उरला, देणाऱ्याची अदब गळून पडली. मध्य आशियात मात्र अदब टिकली: आपण आमच्या घरी येण्याचा भार उचलावा, असे यजमान पाहुण्याला विनवतो, म्हणून ते निमंत्रण. आपणही ‘येण्याची तसदी घ्यावी’ असे म्हणतोच की. तसदी हाही त्रासच. एकूण काय, बोलावणे आणि त्रास देणे या दोन गोष्टींत फारसे अंतर नाही हे आपल्या दोन्ही भाषांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

जुन्या व्यवस्थेत हे पत्र प्रवाशाने स्वतः लिहून चालत नसे. तिथल्या एखाद्या मान्यताप्राप्त प्रवासी संस्थेने आपल्या वतीने अर्ज करायचा, तो ताश्कंदच्या परराष्ट्र खात्याने तपासायचा, मग मंजुरी वकिलातीत यायची आणि मग आपण पासपोर्ट घेऊन तिथे जायचे. ज्या संस्थेने पत्र मिळवून दिले तिच्याकडूनच राहण्याची व्यवस्था घ्यावी ही अपेक्षा ओघानेच आली. ज्या सरांनी मला मोडी वाचायला शिकवले आणि मराठीतल्या फारसी शब्दांचा नाद लावला, त्यांनी निवृत्तीनंतर, २००७ च्या सुमारास, हा उद्योग करून पाहिला होता. कुठल्या रात्री कुठल्या गावी मुक्काम करणार याचा तपशील दलालाने आधी मागितला. सर म्हणाले, ते मला तिथे गेल्यावर कळेल. दलाल म्हणाला, तसे चालत नाही. दोन महिने पत्रव्यवहार झाला, पैसे भरले गेले, आणि अखेर काहीच हाती आले नाही. त्यानंतर सरांचे गुडघे गेले आणि विषय संपला. ती फाइल अजून त्यांच्या कपाटात आहे. तिच्यावर त्यांनी मोडीत ‘समरकंद’ एवढेच लिहिले आहे.

जुलै २०१८ मध्ये उझबेकिस्तानने भारतासह अनेक देशांच्या नागरिकांसाठी इलेक्ट्रॉनिक व्हिसा सुरू केला आणि तकलीफनाम्याची तकलीफ पर्यटकापुरती संपली. इस्लाम करीमोव्ह २०१६ साली वारले. त्यांच्यानंतर आलेल्या शावकत मिर्झियोयेव्ह यांनी देशाची दारे उघडायला घेतली, त्यातला हा एक भाग. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि इतिहास विभागातली माझी सहकारी गेलो, तेव्हा एका प्रवेशाच्या, तीस दिवस मुक्कामाच्या व्हिसाचे शुल्क होते २० डॉलर, आणि उत्तर येण्याची मुदत होती कामकाजाचे तीन दिवस. पासपोर्टच्या पानाची प्रत, एक छायाचित्र, आणि राहण्याचा पत्ता. बस. माझा व्हिसा दोन तासिकांच्या मधल्या वेळात प्राध्यापक-कक्षात इ-मेलने येऊन पडला आणि ग्रंथालयातल्या छपाईयंत्रावर साध्या कागदावर छापून निघाला. कझाकस्तान तर आणखी पुढे गेला आहे. जुलै २०२२ पासून भारतीयांना तिथे चौदा दिवसांपर्यंत व्हिसाच लागेनासा झाला. सरांना मी हा कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘शिक्का कुठे आहे?’

शिक्का ताश्कंदच्या विमानतळावर मिळतो. दिल्लीहून विमानाने जेमतेम तीन तासांचा प्रवास; पुण्याहून नागपूरला रेल्वेने जायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आपल्या पिढीला ताश्कंद हे गाव एकाच कारणाने माहीत असते. करारावर सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, ११ जानेवारी १९६६ रोजी, लालबहादूर शास्त्री तिथे वारले. त्यांचा पुतळा आणि त्यांच्या नावाचा रस्ता तिथे आहे. पण मला तिथे पहिला धक्का दिला तो एका सामान्य शब्दाने. हॉटेलच्या स्वागतकक्षातली मुलगी हसून म्हणाली, ‘हुज्जत?’

मी गोंधळून सहकारीकडे पाहिले. आम्ही तर अजून तोंडही उघडले नव्हते! मग उलगडा झाला. उझबेकीत ‘हुज्जत’ म्हणजे कागदपत्र, दस्तऐवज. मूळ अर्थ पुरावा, प्रमाण. वादात जो पुरावा मांडायचा तो हुज्जत. त्यांनी पुरावा ठेवला, आपण वाद ठेवला. व्यवहारात या दोन अर्थांचा संबंध किती जवळचा आहे हे ज्याने कुठल्याही सरकारी खिडकीपुढे तास काढले आहेत त्याला सांगायला नको: हुज्जत नसली की हुज्जत घालावी लागते. पुढच्या दहा दिवसांत हा शब्द मी रेल्वे स्थानकाच्या दारात, तिकिटाच्या खिडकीवर, बँकेत, असा सगळीकडे ऐकला. या देशात रेल्वेचे तिकीट काढतानाही पासपोर्ट लागतो आणि फलाटाकडे जाण्यापूर्वी तो पुन्हा पाहिला जातो.

त्या मुलीला पासपोर्ट हवा होता तो नोंदणीसाठी. व्हिसा सोपा झाला, तरी नोंदणीचा नियम राहिला आहे. परदेशी माणसाने देशात आल्यापासून तीन दिवसांच्या आत आपण कुठे राहतो याची नोंद करायची. हॉटेलात उतरलात तर ती हॉटेल करते. कुणाच्या घरी राहिलात तर ती जबाबदारी घरमालकावर आणि तुमच्यावर येते. नोंद नसली तर दंड. पूर्वी प्रत्येक हॉटेल एक चिठ्ठी देत असे आणि या चिठ्ठ्या देश सोडेपर्यंत जपून ठेवाव्या लागत. रात्र रेल्वेत गेली असेल तर तिकीट जपायचे, म्हणजे त्या रात्रीचा हिशेब देता येतो. आता ही नोंद संगणकावर होते, आणि त्या संगणकीय व्यवस्थेचे नाव आहे ‘इ-मेहमोन’. मेहमोन म्हणजे मेहमान.

हे नाव ज्याने दिले तो अधिकारी कवी असावा किंवा त्याला विनोदाची जाण अजिबात नसावी. आपल्याकडे ‘अतिथी’ या शब्दाची परंपरागत फोड अशी सांगतात, की ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. इथे पाहुण्याची तिथी आहे, वार आहे, वेळ आहे, खोलीचा क्रमांक आहे, जाण्याची तारीख आहे. मेहमान झाल्याची पोच सरकारदरबारी लागल्याखेरीज तुम्ही मेहमान नाही. मी हे उपहासाने म्हणत नाही. उझबेकी माणसाच्या घरचा पाहुणचार मी पुढे पाहिला. तो तिथीबिथी पाहत नाही. चहाची वाटी अर्धीच भरायची, म्हणजे पुन्हापुन्हा विचारण्याची संधी मिळते, असा त्यांचा रिवाज. एकाच शब्दाखाली या दोन गोष्टी सुखाने नांदतात, हे मात्र मला दहा दिवस खटकत राहिले.

नोंदणीचे मूळ अर्थातच सोव्हिएत काळातले. १९३२ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघाने अंतर्गत पासपोर्ट आणि ‘प्रोपिस्का’ आणली. माणूस कुठे राहतो याची पोलिसांकडे नोंद, आणि त्या नोंदीवर त्याची नोकरी, घर, सारे अवलंबून. परदेशी माणूस हा या व्यवस्थेत केवळ आणखी एक नोंदवण्याजोगा प्राणी. १९९१ साली सोव्हिएत संघ गेला, पण त्याच्या कपाटातले अर्ज पाचही नव्या देशांनी वाटून घेतले. ताश्कंदच्या भुयारी रेल्वेची स्थानके म्हणजे संगमरवर आणि झुंबरांचे दिवाणखाने. परंतु ती अणुयुद्धात आश्रयस्थाने म्हणून बांधलेली असल्यामुळे जून २०१८ पर्यंत तिथे छायाचित्र काढायला बंदी होती. आता सगळे काढतात. मीही काढली.

इतर नियमांबद्दल फार लिहीत नाही, पण एक सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना त्याची झळ लागू शकते. औषधांबाबत हा देश कडक आहे. कोडीन असलेली खोकल्याची व वेदनाशामक औषधे, ट्रॅमाडॉल, काही झोपेच्या गोळ्या, ज्या आपल्या घरांतून सहज सापडतात, त्या तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. माझ्या सहकारीने औषधांचा डबा दोनदा उपसला आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घेतली. ड्रोन न्यायचा नाही. पैशांचे मात्र सुटसुटीत झाले आहे. पूर्वी खिशातला प्रत्येक डॉलर दोन प्रतींत लिहून द्यावा लागे आणि परतताना त्यापेक्षा जास्त सापडता कामा नये असा दंडक होता. त्याचे कारण असे की सरकारी दर आणि बाजारातला दर यांत जवळपास दुपटीचा फरक होता. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सरकारने डॉलरचा दर सुमारे ४,२०० सोमवरून ८,१०० वर नेला, काळ्या बाजाराचा पाया गेला, आणि प्रवाशाची पाकिटे मोजण्यातला जकातदारांचा रसही पुढे ओसरला. नियम बदलला की आपण राज्यकर्त्यांच्या उदारपणाला श्रेय देतो. पुष्कळदा ते श्रेय चलनाच्या दराचे असते.

परवाना मागणे ही काही सोव्हिएतांची निर्मिती नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात ‘मुद्राध्यक्ष’ नावाचा अधिकारीच सांगितला आहे. एक माषक घेऊन त्याने मुद्रा द्यायची, आणि मुद्रेवाचून जनपदात येणाऱ्या-जाणाऱ्या रहिवाशाला बारा पणांचा दंड. मराठेशाहीच्या कागदांत ‘दस्तक’ आहे, ‘राहदारी’ आहे. विद्यार्थ्यांना हे शब्द शिकवताना मी त्यांचे अर्थ कोशातून सांगत आले: दस्तक म्हणजे परवाना, राहदारी म्हणजे वाटेवरचा परवाना किंवा कर. कोशातला अर्थ बरोबरच आहे. फक्त त्यात वाट पाहणारा माणूस नाही.

तो माणूस मला समरकंदला भेटला, आणि एकदा नव्हे, दोनदा.

पहिल्यांदा भिंतीवर. समरकंदच्या ईशान्येला अफ्रासियाब नावाचे पांढरीचे टेकाड आहे. मंगोलांनी उद्ध्वस्त केलेले जुने समरकंद ते हेच. १९६५ साली तिथे रस्त्याचे काम चालू असताना सातव्या शतकातल्या एका दालनाच्या रंगवलेल्या भिंती सापडल्या. त्या आता तिथल्याच संग्रहालयात आहेत. रंग उडाले आहेत, वरचा भाग नाहीसा झाला आहे, पण निळ्या पार्श्वभूमीवर देशोदेशीचे वकील भेटी घेऊन चालले आहेत हे अजून ओळखू येते. त्यातल्या एका आकृतीच्या झग्यावर सोग्दी लिपीत मजकूर आहे. चगानियान नावाच्या दक्षिणेकडच्या छोट्या राज्याचा वकील समरकंदच्या वर्खुमान राजापुढे बोलतो आहे. आपले नाव सांगतो, हुद्दा सांगतो, कुणी पाठवले ते सांगतो. आणि पुढे जे म्हणतो त्याचा आशय असा, की माझ्याविषयी मनात शंका आणू नये. समरकंदच्या देवांची मला माहिती आहे, समरकंदच्या लिपीचीही आहे, आणि मी राजाचे काही वाईट केलेले नाही.

मी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी होते. नाव, हुद्दा, येण्याचे प्रयोजन, कुणाच्या वतीने, पूर्वी काही गुन्हा? साडेतेराशे वर्षे झाली, अर्जातले रकाने बदललेले नाहीत. मजकुरातली अजिजी तेवढी आता आपण लिहीत नाही. ती चेहऱ्यावर आणतो. विमानतळावरच्या काचेपुढे उभे राहिल्यावर भल्याभल्यांचा चेहरा कसा होतो ते आठवावे.

हे चित्र रंगवले जाण्यापूर्वी सुमारे तीस वर्षे एक चिनी भिक्षू याच गावातून गेला होता. ह्यूएन त्संग आपल्या शालेय पुस्तकांत भेटतो तो पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करणारा म्हणून: उपकार न विसरणारे आणि अपमान न गिळणारे लोक. त्या वर्णनावर आपण इतके खूश असतो की हा गृहस्थ इथवर कुठल्या कागदावर आला हे कधी विचारत नाही. तो कागदाविना निघाला होता. इ. स. ६२९ च्या सुमारास तांग साम्राज्यात सरहद्द ओलांडायला बंदी होती. हा रात्रीच्या अंधारात चौक्या चुकवत निसटला. पुढे तुर्फानजवळच्या गाओचांगच्या राजाला तो इतका आवडला की तो त्याला सोडीना. याने अन्नत्याग केला तेव्हा कुठे सुटका झाली. सुटका करताना मात्र त्याच राजाने वाटेवरच्या चोवीस राज्यांसाठी चोवीस पत्रे दिली, प्रत्येक पत्रासोबत रेशमाचा एकेक तागा. चोवीस तकलीफनामे म्हणा ना. समरकंदच्या राजाने आधी त्याचे थंडच स्वागत केले आणि मग ऐकून घेतले. सोळा वर्षांनी मायदेशाच्या दाराशी, खोतानला, पोहोचल्यावर त्याने सम्राटाला पत्र लिहिले: आपण परवानगीवाचून गेलो होतो, क्षमा असावी. ६४५ साली तो राजधानीत शिरला तो सन्मानाने. जगातल्या थोर प्रवाशांपैकी एक आपल्याच देशाच्या हिशेबी बेकायदा बाहेर गेलेला होता, हे प्रवासवर्णन शिकवताना मी आता वर्गात सांगते.

सगळ्यांचे नशीब असे नसते. स्टॉडर्ट आणि कॉनॉली हे दोन इंग्रज अधिकारी बुखाऱ्याच्या अमीराने कैदेत ठेवले आणि १८४२ साली त्यांची डोकी उडवली. स्टॉडर्टने आणलेले पत्र राणीचे नव्हते, हिंदुस्थानच्या गव्हर्नर-जनरलचे होते, याने अमीर दुखावला असे सांगतात. चुकीच्या सहीचा कागद! त्यानंतर वीस वर्षांनी, १८६३ त, आर्मिन व्हांबेरी हा हंगेरियन विद्वान दरवेशाच्या वेषात हाच मुलूख पालथा घालून सुखरूप परतला.

दुसरा माणूस जिवंत होता. समरकंदला आम्ही एका जुन्या मोहल्ल्यात घरगुती अतिथिगृहात उतरलो. मधल्या अंगणात खुर्म्याचे झाड. नोव्हेंबरात त्याची पाने सगळी गळलेली आणि नारिंगी फळे तेवढी नुसत्या फांद्यांना लटकलेली. घरमालकीण सत्तरीच्या आसपासची. तिला सगळे ‘ओपा’ म्हणजे ताई म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. ती मला ‘किझिम’ म्हणे: माझ्या लेकी. आमची इ-मेहमोनवरची नोंद तिची कॉलेजात जाणारी नात फोनवरून करी. ओपा शेजारी बसून आमचे पासपोर्ट हातात धरी आणि नातीला पानांवरचे आकडे सांगे. पासपोर्ट धरण्याची तिची पद्धत मला चमत्कारिक वाटली. आपण पोथी धरतो तशी, दोन्ही हातांनी.

तिची भाषा ताजिक, म्हणजे फारसीच. समरकंदात पुष्कळांची तीच आहे. माझी सहकारी फारसी वाचते, थोडी बोलते. उरलेले नात इंग्रजीत सांगे. असे तुकड्यातुकड्यांनी जे कळले ते असे. ओपाचे माहेर पंजकेंतचे. समरकंदपासून सुमारे साठ किलोमीटर. फारसीचा आद्य महाकवी रुदकी त्याच परिसरातला. त्याची सारी कीर्ती बुखाऱ्याच्या दरबारातली. आज त्याचे गाव ताजिकिस्तानात आहे आणि त्याचा दरबार उझबेकिस्तानात. ओपा १९७० च्या दशकात लग्न होऊन आली तेव्हा दोन्ही गावे एकाच देशात होती. रविवारी सकाळच्या बसने माहेरी जायचे, आईच्या हातचे जेवायचे, संध्याकाळी परत. हद्द होती म्हणे, पण ती रस्त्याकडेच्या एका पाटीपुरती.

१९९१ नंतर पाटीच्या जागी नाका आला. २००० च्या सुमारास दोन देशांत व्हिसा लागू झाला, आणि सरहद्दीच्या काही भागांत सुरुंगही पेरले गेले. पुढे त्यांत गुराखी आणि गावकरी मेले. २०१० साली समरकंद-पंजकेंत रस्त्यावरचा जार्तेपाचा नाका बंदच करण्यात आला. साठ किलोमीटरवरच्या माहेरी जायचे तर आधी व्हिसासाठी ताश्कंद, मग तिकडच्या नाक्यावरून पलीकडे, खुजंद, आणि तिथून डोंगर ओलांडून खाली. शेकडो किलोमीटरचा फेरा. २०१२ च्या हिवाळ्यात ओपाची आई गेली. फोन आला. ओपाने अर्ज केला. कागद मागितले, ते दिले. आणखी मागितले, तेही दिले. व्हिसा हाती आला आणि ती डोंगर उतरून माहेरी पोहोचली तेव्हा चाळिसावा होऊन दोन दिवस झाले होते. हे सांगताना ती रडली वगैरे नाही. एवढेच म्हणाली की बहिणीने तिच्यासाठी चाळिसाव्याच्या जेवणातली नान राखून ठेवली होती, आणि ती दगडासारखी झाली होती, आणि तिने ती चहात बुडवून खाल्ली.

मी विचार करत होते तो दुसराच. त्याच काळात आमच्या सरांना या देशात यायचे होते आणि तकलीफनाम्यापाशी अडून ते राहून गेले, याची मला इतकी वर्षे हळहळ वाटत आली. बाहेरच्याला आत घेत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो. आतल्याला बाहेर जाऊ देत नाहीत हे प्रवाशाच्या ध्यानात सहसा येत नाही. उझबेकिस्तानच्या स्वतःच्या नागरिकाला जुन्या सोव्हिएत मुलुखापलीकडे जायचे तर पासपोर्टवर आधी बाहेर जाण्याचा परवाना चिकटवून घ्यावा लागे. ती पद्धत १ जानेवारी २०१९ पासून संपली. उझबेकीत परवानगीला ‘रुख्सत’ म्हणतात. आपल्या बखरींत रुखसत म्हणजे निरोप: सरदाराने रुखसत घेतली, म्हणजे तो निघाला. मी हे दोन अर्थ ओपाच्या नातीला समजावून सांगितले. तिने आजीला सांगितले. आजी म्हणाली, म्हणजे तुमच्याकडे माणूस रुख्सत झाला की गेलेला असतो. आमच्याकडे रुख्सत मिळेपर्यंत बसलेला असतो.

जार्तेपाचा नाका १ मार्च २०१८ रोजी पुन्हा उघडला, आणि त्याच महिन्यात तीस दिवसांपुरता व्हिसा दोन्ही देशांनी काढून टाकला. म्हणजे मला २० डॉलर भरून जे तीस दिवस मिळाले, तेवढेच तिलाही मिळाले, फुकट. पहिल्या आठवड्यात ती गेली. समरकंदची नान जड असते, बरेच दिवस टिकते. तिने तशा वीस नेल्या. नाक्यावरच्या शिपायाने फक्त ‘हुज्जत?’ असे विचारले, आणि तिने पासपोर्ट दिला, आणि त्याने शिक्का मारला. तिला वाटले आणखी काही तरी मागेल, म्हणून ती तिथेच उभी राहिली. मागच्या लोकांनी तिला पुढे ढकलले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आमचे पासपोर्ट परत देताना ओपाने आत जाऊन आपलाही आणून दाखवला. मी पाने उलटली. एकाही पानावर तिसऱ्या देशाचे नाव नव्हते. एकाच नाक्याचे शिक्के, बाहेर, आत, बाहेर, आत, काही सरळ, काही तिरपे, काही एकमेकांवर चढलेले. तारखा बहुतेक शनिवार-रविवारच्या असाव्यात. मधली दोन वर्षे साथीची, तेवढी रिकामी. कोरी म्हणून आता चारच पाने उरली होती. नात म्हणाली, नव्या पासपोर्टसाठी अर्ज करायचा आहे, आजी रोज मागे लागते. ओपाने पासपोर्ट माझ्या हातातून काढून घेतला, शेवटचे कोरे पान बोटाने दाखवले, आणि सहकारीला फारसीत विचारले, इतके शिक्के मारतात, थोडे जवळजवळ मारले तर नाही का चालणार?